सात हजारांचा वेग आणि आपला पीसी

मी जबलपूरहून बोलतोय. आजचा विषय तांत्रिक आहे, पण खिशाशी आणि आठवणींशी जोडलेला.

आमच्या इथल्या गणेशोत्सवातली नाटकं बाबांनी व्हिडिओ कॅसेटवर घेतली होती. ती मी पीसीवर उतरवून घेतली, साधारण २०० जीबी, आणि बुरशी लागलेल्या कॅसेटा टाकून दिल्या. मग एका मे महिन्यात हार्ड डिस्क कटकट आवाज करू लागली. मी तडक जयंती कॉम्प्लेक्स गाठलं आणि १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणली. डब्यावर लिहिलं होतं, सेकंदाला ७,००० एमबी!

घरी क्रिस्टलडिस्कमार्क लावून पाहिलं, तर जेमतेम ३,५०० चा आकडा. वाटलं, फसलो. पण दोष ड्राइव्हचा नव्हता. ७,००० साठी पीसीआयई ४.० लागतं, माझा मदरबोर्ड ३.० चा. टाकी मोठी आणली, नळ जुनाच. म्हणून खरेदीआधी मदरबोर्डची माहिती वाचा.

आता जुन्या डिस्कवरून फाइली उतरवायला घेतल्या. वेग १५० च्या वर जाईना. देणाराच सावकाश असेल तर घेणारा काय करणार?

मग तेच फोल्डर नव्या ड्राइव्हवरच पुन्हा कॉपी केलं. सुरुवातीला सुसाट, थोड्या वेळाने वेग धाडकन खाली. याचं कारण एसएलसी कॅश. ड्राइव्ह आधी प्रत्येक सेलमध्ये एकच बिट झटपट लिहून घेतो. ती जागा भरली की टीएलसीमध्ये तीन आणि क्यूएलसीमध्ये चार बिट बसवायचे, तिथे वेळ लागतो. क्रिस्टलडिस्कमार्कची नेहमीची चाचणी १ जीबीचीच असते, ती या कॅशमध्ये सहज मावते. म्हणून खरी परीक्षा मोठ्या फाइलीची. त्यात आमच्याकडचा मे, बाहेर चाळीसच्या वर. ड्राइव्ह फार तापला की स्वतःच वेग कमी करतो. हीटसिंक बसवा, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तापमान बघा.

रोजच्या कामात मात्र छोट्या छोट्या फाइली वाचल्या जातात. चाचणीतली ४केची ओळ पाहा, तिथे चांगले ड्राइव्हही सेकंदाला काही दहा एमबीच देतात. त्यामुळे हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर आलात तर फरक जाणवतो. पण साडेतीन हजारांवरून सात हजारांवर गेलात, तर विंडोज सुरू होताना तो बहुधा कळणारही नाही.

मग पैसे कशाला द्यायचे? टीएलसीला आणि पाच वर्षांच्या वॉरंटीला. टीबीडब्ल्यूची फार काळजी नको. ६०० टीबीडब्ल्यू म्हणजे रोज ५० जीबी लिहिलं तरी हिशोबाने सुमारे तेहतीस वर्षं.

आणि शेवटचं. एका नाटकाचा तिसरा अंक जुन्या डिस्कने दिलाच नाही. बाबा त्या अंकात स्वतः काम करत होते. जुनी डिस्क निदान आवाज करून सांगत होती. एसएसडी बरेचदा न सांगताच जाते. म्हणून मी सात हजारांचा मोह सोडून बॅकअपसाठी एक साधी, स्वस्त हार्ड डिस्क घेतली. तुम्हीही आज रात्री तुमची दुसरी प्रत कुठे आहे, ते बघा.