पाहणे आणि लिहिणे यांमधील फट



आमच्या सीमाभागातील, म्हणजे भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण या बाजूची मुले पुढील शिक्षणासाठी बीदरला अथवा कलबुर्गीला जातात. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि दख्खनी, महाविद्यालयात इंग्रजी, अशी वाट काढीत ती संगणकशास्त्रासारखा कठीण विषय शिकतात, याचे मला शिक्षक या नात्याने नेहमीच कौतुक वाटत आले आहे. सुट्टीत गावी आली म्हणजे त्यांतील काही जण आठवणीने भेटावयास येतात. गेल्या सुट्टीत असाच एक जुना विद्यार्थी आला. क्षेमकुशल विचारून झाल्यावर तो म्हणाला, "सर, माझ्या संगणकाला बेरीज येत नाही."

मी हसलो, परंतु तो हसत नव्हता. अभ्यासाचा भाग म्हणून त्याने लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमध्ये दोन थ्रेड चालविले होते. कर्नेल म्हणजे संगणकाच्या कारभाराचा गाभा. स्मृती कोणाला किती, प्रोसेसर कोणाला केव्हा, फाइल कोणी उघडावी, हे सारे तो ठरवितो. थ्रेड म्हणजे कामाचे एक सूत. अशी अनेक सुते एकाच वेळी चालू असतात आणि कर्नेलमधील सर्व सुते एकाच स्मृतीवर काम करतात. माझ्या विद्यार्थ्याची दोन्ही सुते एकाच आकड्यात दहा दहा लाख वेळा एक मिळवीत होती. उत्तर वीस लाख यावयास हवे. ते कधी चौदा लाख येई, कधी सतरा लाख. दोनदा सारखे कधी आले नाही. चूक कोठे होते हे पाहावे म्हणून त्याने मध्ये एक ओळ छापण्याची आज्ञा घातली, आणि काय आश्चर्य! उत्तर बिनचूक वीस लाख येऊ लागले. "आता ती ओळ तशीच ठेवून देऊ का?" असे त्याने मला विचारले.

या प्रश्नाचे उत्तर मी त्याला एका जुन्या आठवणीने दिले. तीच आज आपणांस सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका शाळेत होतो. नाताळच्या सुट्टीपूर्वी तेथे स्नेहसंमेलन होत असे. त्याची रक्कम शिक्षकांच्या खोलीतील कपाटात असे आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस एक पाटी टांगलेली असे. शिल्लक बदलली की जुना आकडा पुसून नवा लिहावयाचा, हा परिपाठ. त्या दिवशी पाटीवर २४०० रुपये होते. मी मधल्या सुट्टीत कपाट उघडले, आकडा चिठ्ठीवर टिपून घेतला, ३५० रुपये घेऊन बाजारात गेलो, परत आल्यावर पाटी पुसली आणि २०५० लिहिले. दरम्यान माझ्या एका सहकाऱ्यानेही तोच २४०० चा आकडा टिपून २१० रुपये नेले होते. तो माझ्यानंतर आला. खिशातील चिठ्ठीवरून त्याने वजाबाकी केली, पाटी पुसली आणि २१९० लिहिले. सायंकाळी पैसे मोजले तो १८४० भरले. साडेतीनशे रुपये कमी!

कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे असे. उघडपणे कोणी काही बोलले नाही. परंतु संशय हा न बोलताही पोहोचतो. चार दिवस मामा आमच्या खोलीत चहाला आले नाहीत. पाचव्या दिवशी सामानाच्या पावत्या एकत्र केल्या तेव्हा उलगडा झाला. माझी वजाबाकी बरोबर होती, सहकाऱ्याचीही बरोबर होती, खोटे कोणीच बोलले नव्हते, आणि तरीही पाटी खोटे बोलत होती. इतकेच नव्हे, तर त्या खोट्याचा भार एका निरपराध माणसावर पडला होता. आम्ही दोघांनी मामांची क्षमा मागितली. त्यांनी ती केली. पण तो प्रसंग मी विसरलो नाही.

संगणकात नेमके हेच घडते. ‘एक मिळव’ ही आज्ञा आपणांस एक वाटते. प्रत्यक्षात सामान्यतः तिचे तीन भाग असतात. प्रोसेसर स्मृतीतील आकडा आपल्याजवळ घेतो, त्यात एक मिळवितो आणि बेरीज स्मृतीत परत लिहितो. स्मृती ही आमची पाटी; प्रोसेसरजवळचा आकडा ही खिशातील चिठ्ठी. पहिल्याने चिठ्ठी लिहिल्यावर आणि पाटी पुसण्यापूर्वी दुसऱ्याने तीच पाटी वाचली, की एकाची मेहनत पुसली गेली म्हणून समजावे. एकाहून अधिक प्रोसेसर असले तरच हे होते, असेही नाही. एकच प्रोसेसर असला तरी कर्नेल एका सुताला मध्येच थांबवून दुसरे चालू करू शकतो. उत्तर बरोबर की चूक, हे मग कोण आधी पोहोचतो यावर ठरते. म्हणून या दोषाला ‘रेस कंडिशन’, म्हणजे शर्यतीची अवस्था, असे नाव आहे.

छापण्याची आज्ञा घातल्यावर दोष का नाहीसा झाला, हे आता ध्यानात येईल. छापण्याला वेळ लागतो. त्यामुळे दोन सुतांची गाठ त्या नेमक्या क्षणी पडेनाशी झाली. दोष गेला नाही, तो दडून बसला. माझा सहकारी त्या दिवशी तासभर उशिरा बाजारात गेला असता तर हिशेब जुळला असता आणि आमची पद्धत निर्दोष आहे या समजुतीत आम्ही राहिलो असतो. मध्ये थोडा विलंब घालून शर्यत मिटविणे हा म्हणूनच उपाय नव्हे. दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या दिवशी, अधिक काम पडले की दोष पुन्हा डोके वर काढतो.

ही भीती काल्पनिक नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातील ओंटारिओ प्रांत यांतील सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. त्याची कारणे अनेक होती. तारांना भिडलेली झाडे हेही त्यांतील एक होते. परंतु ओहायो राज्यातील एका नियंत्रण-कक्षात धोक्याची सूचना देणारी संगणकव्यवस्था तासाभराहून अधिक वेळ मूक झाली होती आणि ती मूक आहे हे तेथील कर्मचाऱ्यांस कळले नव्हते. त्या मुकेपणाचे मूळ शोधण्यास तज्ज्ञांना कित्येक आठवडे लागले. दोन कामांना एकाच माहितीवर एकाच वेळी लिहिण्याची मुभा मिळाली होती, हे ते मूळ. ती व्यवस्था कर्नेल नव्हती. पण दोष याच जातीचा होता.

कर्नेलचे उदाहरण हवे असेल तर २०१६ साली उघडकीस आलेला ‘डर्टी काऊ’ नावाचा दोष पाहावा. जी फाइल केवळ वाचावयाची आहे तिच्यावर कोणी स्वतःपुरते लिहू लागला, तर लिनक्स त्याला खासगी नक्कल काढून देतो आणि मूळ सुरक्षित ठेवतो. एका सुताने त्या नकलेवर लिहीत राहावे आणि दुसऱ्याने ‘ती नक्कल टाकून द्या’ असे सांगत राहावे. हजारो वेळा काही होत नसे, परंतु एखाद्या क्षणी नक्कल काढणे आणि लिहिणे यांच्या दरम्यान ती टाकली जाई, आणि लेखन मूळ फाइलवर होई. अशा रीतीने सामान्य वापरकर्ता साऱ्या यंत्राचा मालक बनू शके. हा दोष २००७ पासूनच्या लिनक्समध्ये होता. अँड्रॉइडच्या फोनमध्येही लिनक्सचाच कर्नेल असल्यामुळे तो आपल्या खिशापर्यंत आलेला होता. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी दुरुस्ती करताना मोकळेपणाने नमूद केले, की अकरा वर्षांपूर्वी आपणच ही चूक सुधारण्याचा प्रयत्न केला होता आणि तो नीट साधला नव्हता. नव्या दुरुस्तीचे सार असे, की नक्कल एकदा काढली म्हणून ती अद्याप आहे असे कर्नेलने गृहीत धरू नये. लिहिण्याच्या वेळी पुन्हा खात्री करावी.

तर मग खरा उपाय कोणता? तो रेल्वेने संगणकाच्या कितीतरी आधी शोधून काढला होता. बीदर-कलबुर्गी हा सुमारे ११० किलोमीटरचा लोहमार्ग ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला. तो एकेरी बांधला गेला. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या मधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी हवी. आपल्या देशातील एकेरी मार्गांवर यासाठी वर्षानुवर्षे टोकनाची पद्धत चालत आली. दोन्ही स्थानकांतील यंत्रे विजेच्या तारेने जोडलेली असत. एकातून लोखंडी गोळा बाहेर निघाला, की तो परत यंत्रात पडेपर्यंत दोहोंपैकी कोणतेही यंत्र दुसरा गोळा देत नसे. ‘मार्ग मोकळा दिसला’ एवढ्यावर ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे. गोळा हातात आल्यावरच नेई. मोकळे दिसणे ही एक गोष्ट आणि आपल्या ताब्यात असणे ही दुसरी, हा भेद येथे मुख्य आहे.

डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात संगणकासाठी अशीच युक्ती मांडली आणि तिला रेल्वेच्या सिग्नलाचेच नाव दिले: सेमाफोर. आजच्या कर्नेलमधील लॉक, म्हणजे कुलूप, हे त्याच घराण्यातील. ज्या सुताकडे कुलूप आहे त्यानेच वाचावे, मिळवावे, लिहावे आणि मग कुलूप सोडावे. तोवर इतरांनी थांबावे. थांबण्याचेही दोन प्रकार आहेत. काम क्षणाचे असेल तर दाराशीच घुटमळत राहावे, हा स्पिनलॉक. काम लांबणारे असेल तर झोपी जावे आणि पाळी आली की उठावे, हा म्युटेक्स. जेथे झोपण्यास मनाई आहे, जसे इंटरप्ट हाताळताना, तेथे म्युटेक्स चालत नाही. आणि नुसता एक आकडाच वाढवावयाचा असेल, तर वाचणे, मिळविणे आणि लिहिणे अखंडपणे करणाऱ्या ‘अ‍ॅटॉमिक’ आज्ञा प्रोसेसरमध्येच असतात. तेथे कुलपाचीही गरज नाही.

परंतु कुलूप ही फुकटची वस्तू नाही. १९९६ साली लिनक्स अनेक प्रोसेसरांवर चालू लागला तेव्हा साऱ्या कर्नेलला मिळून एकच मोठे कुलूप होते. सुरक्षितता होती, पण एक आत गेला की बाकीचे बाहेर ताटकळत. ते काढून जागोजागी लहान कुलपे बसविण्याचे काम २०११ साली संपले. पंधरा वर्षे लागली, यावरून त्याची अवघडता कळावी. शिवाय कुलपे वाढली की नवे संकट येते. एका मुलाच्या हाती पट्टी आणि दुसऱ्याच्या हाती कंपास. दोघांनाही दोन्ही हवे आणि कोणीच हातातले सोडीत नाही. या कोंडीला डेडलॉक म्हणतात. तिच्यावर एक उपाय असा: आधी पट्टी, मग कंपास, हा क्रम सर्वांनी पाळावा. हा क्रम मोडला जातो की काय, हे पाहणारा एक पहारेकरी, लॉकडेप, २००६ साली लिनक्समध्ये आला. आणि कुलपावाचून होणारी शर्यत हुडकणारे केसीएसएएन हे साधन २०२० साली आले.

जेथे वाचणारे पुष्कळ आणि बदलणारे थोडे, तेथे आणखी एक सुंदर रीत आहे. शाळेचे वेळापत्रक बदलताना आपण जुन्या कागदावर खाडाखोड करीत नाही. नवा कागद तयार करून फलकावर लावतो आणि जुना वाचीत असलेल्यांचे वाचून झाल्यावर तो टाकून देतो. ‘रीड-कॉपी-अपडेट’ नावाची ही रीत ऑक्टोबर २००२ मध्ये लिनक्सच्या कर्नेलमध्ये आली. ती तेथे आणून बसविणारे दीपंकर सरमा हे आयबीएमच्या भारतातील सॉफ्टवेअर-प्रयोगशाळेत काम करीत होते. आमच्याकडील मुलांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. कर्नेल ही केवळ परदेशातून येणारी वस्तू आहे असे नाही.

माझ्या विद्यार्थ्याने ती छापण्याची ओळ काढून टाकली आणि कुलूप घातले. उत्तर वीस लाख आले. "सर, आता किती वेळा चालवून पाहू म्हणजे खात्री होईल?" त्याने विचारले. मी म्हणालो, "अरे, हजार वेळा चालविलेस तरी पुरी खात्री होणार नाही; आमची पाटीही कित्येक वर्षे बरोबर होतीच की! एक कागद घे. कोणकोणती माहिती दोघांची समाईक आहे ते लिही आणि प्रत्येकीपुढे तिचे कुलूप कोणते ते लिही. ज्या ओळीपुढे जागा रिकामी राहील, तेथे तुझा दोष आहे." त्याने कागद भरला. एक जागा रिकामी राहिली. तेथे आजवर चूक दिसली नव्हती, एवढेच.

आमच्या शाळेतही त्यानंतर एक नियम झाला. जो किल्ली घेईल त्याने पैसे काढताच, कपाटापाशी उभे राहूनच पाटी लिहावी आणि मगच किल्ली मामांच्या हाती परत द्यावी. किल्ली घेऊन बाजारात जाऊ नये. नियम लहान होता, पण त्यामुळे पुढे कोणाच्या सचोटीची परीक्षा घेण्याची वेळ आमच्यावर आली नाही. चांगल्या व्यवस्थेची खूण हीच आहे, असे मला वाटते: माणसे प्रामाणिक असूनही जेथे हिशेब चुकतो, तेथे माणसाला दोष न देता पाहणे आणि लिहिणे यांमधील फट शोधावी आणि ती बुजवावी.