पाठीवरचा दवाखाना

म्यानमारमधल्या कारेन समाजाच्या भागात 1949 पासून लढाई सुरू आहे. 1988 चं लोकशाही आंदोलन लष्करानं चिरडलं, तेव्हा तरुण कारेन डॉक्टर सिंथिया माउंग जंगलातून वाट काढत थायलंडमध्ये पोहोचल्या. पुढच्याच वर्षी सीमेवरच्या मे सोत गावात त्यांनी दवाखाना उघडला. शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायला हाताशी होता तो भात शिजवायचा कुकर! आज त्याच ‘मे ताओ क्लिनिक’मध्ये बाळंतपणं होतात, हिवतापावर उपचार होतात आणि सुरुंगात पाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम पायही तयार होतात.

पण जे सीमेपर्यंत पोहोचूच शकत नाहीत, त्यांचं काय? त्यांच्यासाठी 1998 मध्ये ‘बॅक पॅक हेल्थ वर्कर टीम’ उभी राहिली. औषधांची पिशवी पाठीवर घेऊन हे आरोग्यसेवक डोंगरातल्या गावांपर्यंत पायी जातात, तिथल्या सुईणींना शिकवतात. सुरुंगांनी त्यांच्यातल्याही काहींचा जीव घेतला आहे.

मोठ्या संस्था जिथे परवानगीअभावी थांबतात, तिथे हे आरोग्यसेवक जातात, कारण भाषा त्यांची, वाटा त्यांच्या ओळखीच्या. डॉ. माउंग यांना 2002 मध्ये समाजनेतृत्वासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला; आपल्या हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना 2008 मध्ये मिळाला, तोही समाजनेतृत्वासाठीच.

म्यानमारमधल्या 2021 च्या लष्करी उठावानंतर विस्थापितांची संख्या प्रचंड वाढली, तर 2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत आखडती घेतली. अशा वेळी मदत करू पाहणाऱ्यांनी आधी या स्थानिक संस्थांकडे पाहावं.