भिंतींचे औषध



पुण्यात 'याला येरवड्याला पाठवा' असे कुणी म्हटले, तर तुरुंगात की वेड्यांच्या इस्पितळात, हे ऐकणाऱ्याने प्रसंग पाहून ठरवायचे असते. ही थट्टा आपलीच आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत एके काळी ती थट्टा नव्हती, वहिवाट होती. १८४१ साली डोरोथिया डिक्स ही शिक्षिका मॅसॅच्युसेट्समधील एका तुरुंगात बायकांना धर्मपाठ द्यायला गेली, तेव्हा गुन्हेगारांच्या शेजारी वेड्या बायका कडाक्याच्या थंडीत शेगडीवाचून कोंडलेल्या तिला दिसल्या. पुढे गावोगावचे तुरुंग आणि अनाथगृहे तिने स्वतः पाहिली. १८४५ मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे तिचा अर्ज गेला आणि १८४८ मध्ये ट्रेंटन येथे सरकारी इस्पितळ उघडले.

त्या इमारतीविषयी आम्हांस आज बोलायचे आहे. ती बांधली जॉन नॉटमन याने. तिच्यामागची कल्पना मात्र फिलाडेल्फियाचे डॉक्टर थॉमस कर्कब्राइड यांची. इमारत हेच औषध, असे ते मानीत. मध्यभागी कचेरी, तिच्या एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला स्त्रिया. प्रत्येक दालन आधीच्या दालनाच्या थोडे मागे सरकवलेले, आकाशातून जाणाऱ्या बगळ्यांच्या रांगेसारखे. का? तर प्रत्येक बोळाची दोन्ही टोके मोकळी राहावीत आणि वारा व उजेड आरपार खेळावा. आरडाओरडा करणारे रोगी अगदी शेवटच्या दालनात. खिडकीला गज दिसू नयेत म्हणून तावदानांची चौकटच लोखंडी करावयाची! रोग्याला आपण कैदी आहोत असे वाटू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. आम्हांला त्या लोखंडी चौकटीचे फार कौतुक वाटते. तिच्यात थोडी फसवणूक आहे, पण ती मायेची आहे.

या औषधाला एक पथ्य होते. रोगी अडीचशेंहून अधिक नकोत; कारण अधीक्षकाने प्रत्येकाला ओळखले पाहिजे. १८६६ मध्ये अधीक्षकांच्याच संघटनेने ही मर्यादा सहाशेंवर नेली. पथ्य तिथेच मोडले. सरकारला जमीन आणि विटा एकदाच द्याव्या लागतात, माणसे रोज द्यावी लागतात, आणि तेथेच हात आखडला जातो. दालने भरत गेली, आणि ज्या बोळांतून वारा खेळायचा त्यांत खाटा आल्या.

भिंतींवरचा विश्वास उडाला तेव्हा ट्रेंटनमध्ये सुरी आली. १९०७ ते १९३० या काळात डॉ. हेन्री कॉटन तेथे अधीक्षक होते. वेडाचे मूळ शरीरात दडलेल्या जंतुसंसर्गात आहे, या समजुतीने त्यांनी रोग्यांचे दात उपटले, गलग्रंथी काढल्या, मोठ्या आतड्यावरही शस्त्रक्रिया केल्या. या शेवटच्या प्रकारात शंभरांतले सुमारे तीस रोगी दगावल्याचे त्यांच्याच आकड्यांत आहे. आणि हा गृहस्थ दुष्ट नव्हता. रोग्यांना बांधून ठेवण्याची साधने त्यानेच आरंभी काढून टाकली होती.

१९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. नंतर नवी औषधे आली, १९६३ चा कायदा आला आणि इस्पितळे रिकामी होऊ लागली. त्याच धर्तीच्या बफेलोच्या इमारतीत तर २०१७ साली हॉटेल उघडले. ट्रेंटनचे इस्पितळ इस्पितळच राहिले.

डिक्सबाई थकल्यावर १८८१ मध्ये तेथेच राहावयास गेल्या. राज्याने त्यांना खोल्या दिल्या होत्या. ट्रेंटनला त्या आपले पहिले अपत्य म्हणत. १८८७ मध्ये त्याच छपराखाली त्यांनी देह ठेवला.