टॉन्सिल्स, लेझर आणि एक वही

डिसेंबरची सुट्टी जवळ आली की सिंगापूरच्या बऱ्याच मराठी घरांत एक वाक्य ऐकू येतं, "भारतात जातोच आहोत, तर पिंट्याच्या टॉन्सिल्सचंही बघून येऊ." मग कुणीतरी लेझरचं नाव काढतं. कापाकापी नाही, रक्त नाही, नुसता लाल प्रकाश.

हा लेझर कापणारा नव्हे. इतका सौम्य की मुलाला काही जाणवतही नाही. 1967च्या सुमारास बुडापेस्टचे डॉ. एन्द्रे मेस्टर उंदरांवर प्रयोग करत होते. प्रकाश दिलेल्या जागी केस लवकर उगवतात, असं त्यांना दिसलं, आणि तिथून ही उपचारपद्धती सुरू झाली. रशियात टॉन्सिल्ससाठीही ती वापरली गेली. कर्करोगाच्या उपचारांत तोंडात होणाऱ्या जखमा टाळायला तिचा उपयोग आज मान्य आहे. मुलांच्या जुनाट टॉन्सिल्ससाठी मात्र तसा भक्कम पुरावा नाही.

मला धास्ती आहे ती वेगळीच. घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे धरतो आणि आपला आपण सुटतो. पण कधी कधी कारण स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू असतो. त्याला पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन लागतं, सहसा पूर्ण 10 दिवस. तिसऱ्या दिवशी मूल हुंदडायला लागतं आणि औषधाची बाटली फ्रीजच्या दारात विसरली जाते! या संसर्गाकडे दुर्लक्ष झालं, तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. लेझरच्या भरवशावर ही औषधं टाळू नका.

शस्त्रक्रियेचं म्हणाल, तर डॉक्टर आधी मोजदाद विचारतात. वर्षात 7 वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी 5 वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी 3 वेळा घसा खरोखर आला असेल, तर तो विचार होतो. त्याहून कमी असेल तर बहुधा थांबतात, कारण वाढत्या वयात पुष्कळ मुलांचा त्रास आपोआप कमी होतो. "सारखाच आजारी असतो हो" याने डॉक्टरांना काही कळत नाही. तेव्हा एक वही करा. तारीख, ताप किती, तपासणी झाली का, औषध कोणतं, किती दिवस. केके हॉस्पिटलला जा नाहीतर पुण्याला, वही बरोबर न्या.

लाळ गळत असेल, पाणीही गिळता येत नसेल, तर मात्र थेट तातडीच्या विभागात. आणि रात्री मूल घोरताना मध्येच श्वास अडकत असेल, तर मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण करून ठेवा आणि डॉक्टरांना आधी तेच दाखवा.