पहिलटकरणीचे न सांगितलेले दुखणे



विषयाचे नाव ऐकताच काही मंडळींनी माना खाली घातल्या. त्यांना आम्ही दोष देत नाही; याच संकोचापायी कित्येक बाळंतिणी हे दुखणे आईलासुद्धा सांगत नाहीत. बाळंतपण सुखरूप झाले, मूल गुटगुटीत आहे. पण वायू आवरत नाही, संडासापर्यंत धीर धरवत नाही, कपड्याला डाग पडतो. सांगायचे कोणाला?

गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. आतले कडे आपल्या इच्छेवाचून, झोपेतही, दार मिटून ठेवते. बाहेरचे आपल्या हुकमतीत असते, ते आलेला वेग थोपवते. मूल बाहेर येताना ही कडी फाटू शकतात, त्यांचे मज्जातंतूही ताणले जातात. आतले दुखावले तर नकळत गळते. बाहेरचे दुखावले तर घाई अनावर होते.

कातडी धड आणि आत स्नायू तुटलेला, असेही घडते. लंडनमधील सुलतान, काम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली हे दाखवून दिले. ध्वनिलहरींच्या यंत्राने त्यांनी प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी स्त्रियांची तपासणी केली. योनिमार्गे प्रथमच प्रसूत झालेल्या ७९ जणींपैकी २८ जणींच्या स्नायूंत इजा आढळली. त्रास मात्र १० जणींनाच जाणवत होता. त्या पाहणीत चिमटा लावून सोडविलेल्या एकंदर १० स्त्रियांपैकी ८ जणींना इजा होती.

सहा आठवडे म्हणजे आपल्याकडे सव्वा महिना सरतो तो सुमार. तोवर डिंकाच्या लाडवापासून बाळाच्या टाळूपर्यंत सगळ्याची चौकशी झालेली असते. हा एक प्रश्न मात्र ना सासू विचारते, ना सुईण, ना आम्ही डॉक्टर! आम्ही स्वतः तो फार उशिरा विचारू लागलो. तेव्हा एका बाईंनी आधी दार लोटले आहे ना ते पाहिले, मग हळूच म्हणाल्या, "मुलगा आता सात वर्षांचा आहे." सात वर्षे त्या लांबच्या लग्नाकार्याला गेल्या नव्हत्या.

पुष्कळ जणींचा त्रास काही महिन्यांत ओसरतो. गुदद्वार आवळून धरण्याचा व्यायाम शिकून नेमाने केला, मल पातळ होऊ दिला नाही, तर बऱ्याच जणींना गुण येतो. स्नायू फाटला असेल तर तो प्रसूतीनंतर लगेच ओळखून शिवणे उत्तम. त्यासाठी गुदद्वारातून बोटाने तपासणी करावी लागते. वर्षे लोटली तरी उपाय असतात, डॉक्टरकडे जावे. आणि पुढच्या खेपेला दिवस राहिले की ही हकीकत आरंभीच सांगावी. प्रसूती कोणत्या मार्गाने व्हावी, याचा विचार मग वेळेवर करता येतो.