निबंधाला वाचक हवा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून आपण शाळेला काय भेट द्यावी यावर बोलतोय. डिजिटल फळा द्यावा, असा बहुतेकांचा कल दिसला. मी संगणकातच काम करते, म्हणून माझा होकार सगळ्यांनी गृहीत धरलाय. फळ्याला माझा विरोध नाही. पण त्याआधी एक मागणं आहे आणि त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

मूल शाळेत दहा वर्षं लिहितं. ते वाचतं कोण? एकटे शिक्षक, तेही हातात लाल पेन धरून. वह्यांचा गठ्ठा समोर असताना त्यांच्याकडून आणखी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. मुलांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून आवडता ऋतू सगळ्यांचा पावसाळा आणि मोर न पाहिलेल्यांच्याही निबंधात मोर नाचतो!

साने गुरुजी आपल्याच जिल्ह्यातले, पालगडचे. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, पुढे तिथलं वसतिगृहही सांभाळू लागले. त्या मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक चालवलं. मासिक नव्हे, दैनिक! शिकवणं आणि वसतिगृह सांभाळून हाताने लिहायचं. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही काढलं. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. 'श्यामची आई' ही त्यानंतरची. मला नवल त्या दैनिकाचं वाटतं. तास संपला तरी शिक्षकाचं मुलांशी बोलणं कागदावर चालूच होतं. आजचा वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप त्याच्याशेजारी ठेवून पाहा. सर गृहपाठ टाकतात, खाली पालकांचे अंगठे. ज्याच्यासाठी हे सगळं, ते मूल त्यात कुठेच नाही.

आमच्या धंद्यात कितीही अनुभवी माणसाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याने वाचल्याशिवाय सहसा पुढे जात नाही. वाचणारा ओळीशेजारी विचारतो, 'हे असं का?' मग लिहिणारा समजावतो, नाहीतर बदलतो. महाविद्यालयात शिकले नाही इतकं मी या प्रश्नांतून शिकले. यात गुण कुणीच देत नाही.

तर मागणं असं. आठवी-नववीच्या मुलांनी महिन्यातून एकदा स्वतःला माहीत असलेलं लिहावं. पावसाळी मासेमारीबंदीत मिरकरवाड्याला होड्या कशा शाकारतात, मोहोरावर फवारणी कधी करतात, आजी कुळथाचं पिठलं कसं करते. ते शाळेच्या संगणकावर चढवायचं आणि आपण पुण्या-मुंबईहून, दुबईहून वाचायचं. वाचून एक खरा प्रश्न विचारायचा. 'छान', 'मस्त' चालणार नाही. 'होडी ओढायला किती माणसं लागतात?' असं विचारलंत तर तो मुलगा संध्याकाळी बंदरावर जाऊन मोजेल आणि उत्तर लिहील. ते दुसऱ्यांदा लिहिणं मला हवं आहे. शुद्धलेखन सर बघतील, त्यात आपण पडू नये.

एक पथ्य मात्र कडक. हे सगळं पासवर्डच्या आत राहील. फोटो नाही, आडनाव नाही, मुलांना परस्पर फोन नाही. प्रत्येक प्रश्न आधी वर्गशिक्षकांच्या नजरेखालून जाईल. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. तो कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. शिक्षकांचं काम यात थोडं वाढेल, हे मान्य. संगणकावर चढवण्याचं काम मी आणि आपल्या बॅचचे दोघे बघू.

वेळ नाही, असं कुणी म्हणेल. महिन्याला चार मुलांचं एकेक पान, म्हणजे अर्धा तास. सकाळच्या 'सुप्रभात'च्या चित्रांना आपण याहून जास्त देतो.

चहाच्या टेबलाजवळ वही ठेवली आहे. नाव, गाव आणि कोणत्या विषयातलं वाचायला आवडेल, एवढंच लिहा. बाई, पहिलं नाव तुमचं घालू ना?