आवडलेलं सांगतो, बघाल ना?
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



कर्जत-खालापूरकरांना सिनेमा काही लांबचा नाही. नितीन देसाईंनी २००५ मध्ये चौकजवळ स्टुडिओ उभारला आणि 'जोधा अकबर'चे महाल आपल्या डोंगरांच्या कुशीत उभे राहिले.

मी मात्र आज तीनच नावं सुचवतो. पहिलं, 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. दिलीप प्रभावळकरांचे आबा. तीन पिढ्या एका छपराखाली कुरबुर करत कशा सुखाने नांदतात, ते बघा. दुसरं, 'श्वास'. नातवाची दृष्टी जाणार हे कळल्यावर आजोबा त्याला डोळे भरून जग दाखवतात.

तिसरं, 'दहावी फ'. मी दहावीला नापास झालो होतो. बाबा रात्री उशिराच्या कर्जत लोकलने यायचे, माझ्याशी बोलायचेच नाहीत. एका रविवारी टीव्हीवर हा सिनेमा लागला. दोघांनी पाहिला. संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "ऑक्टोबरचा फॉर्म भरलास का?" दुसऱ्या दिवशी भरला. पास झालो.

आज बाबा नाहीत. म्हणून विनंती, मोबाईलवर एकेकट्याने बघू नका. घरच्यांच्या शेजारी बसून बघा. अडलेलं बोलणं सुरू होतं.